जैवसक्रिय संयुगे घडवणारा संशोधक व्हायचे असेल तर

सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारे विद्यार्थी बहुधा शेवटच्या सत्रात विचारतात की, औषधांचे रेणू प्रयोगशाळेत बनवण्याचे काम आयुष्यभर करायचे असेल तर सुरुवात कुठून करावी. त्यांना उत्तरादाखल परीक्षांची यादी हवी असते. ती पुढे देतो, पण परीक्षा दार उघडण्यापुरत्याच उपयोगी पडतात. आत शिरल्यावर टिकतो तो, ज्याला आपल्या छोट्या बाटलीत नेमके कोणते संयुग आहे आणि ते किती शुद्ध आहे, हे शपथेवर सांगता येते. पुढची सारी शिफारस याच एका गोष्टीभोवती फिरते.

आधी या कामाचे दोन प्रवाह ओळखून घ्यावेत, कारण आपला कल कोणत्या बाजूला आहे हे लवकर कळले तर बरीच वर्षे वाचतात. पहिला प्रवाह नव्या रेणूंचा. डॉ. नित्य आनंद यांनी माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत, म्हणजे आजच्या आयसीटीमध्ये, प्रा. के. वेंकटरामन यांच्याकडे पीएच.डी. केली आणि पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत (सीडीआरआय) सेंटक्रोमन हे संप्रेरकरहित गर्भनिरोधक विकसित करण्याच्या कामाचे नेतृत्व केले. हा रेणू १९६० च्या दशकातला, पण ‘सहेली’ या नावाने तो बाजारात आला १९९१ मध्ये. नव्या रेणूचे काम निवडणाऱ्याने हे अंतर मनात ठेवावे. दुसरा प्रवाह माहीत असलेल्या रेणूकडे जाणारी नवी वाट शोधण्याचा. त्याचे मोठे नाव डॉ. ए. व्ही. रामाराव. त्यांचीही पीएच.डी. वेंकटरामन यांच्याकडेच, पण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल), आणि एड्सवरील एझेडटी हे औषध भारतात कमी खर्चात बनवण्याची प्रक्रिया त्यांनी हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतून (आयआयसीटी) सिप्ला कंपनीला दिली. हे दोघे ज्या गुरूकडे घडले ते स्वतः रंगद्रव्यांचे रसायनज्ञ होते, ही गोष्ट मला नेहमी बोलकी वाटते. विषय पुढे बदलतो, हाताला लागलेले वळण टिकते.

या दुसऱ्या प्रवाहाला बळ मिळाले ते कायद्यामुळे. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नव्हते, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला मिळत होते. त्यामुळे पर्यायी मार्ग शोधणे हेच आपल्याकडच्या रसायनज्ञांचे मुख्य कौशल्य बनले. २००५ पासून रेणूलाच पेटंट मिळू लागले आणि कंपन्यांमध्ये नव्या रेणूंच्या विभागांना महत्त्व आले. आज दोन्ही प्रकारची कामे उपलब्ध आहेत. ज्याला शंभर लहान रेणू बनवून त्यांची तुलना करण्यात रस वाटतो त्याने पहिल्याकडे जावे, आणि एकाच अभिक्रियेचे तापमान, द्रावक आणि क्रम बदलत राहण्याचा ज्याला कंटाळा येत नाही त्याने दुसऱ्याकडे.

आता परीक्षा. पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेट आणि गेट या दोन परीक्षा महत्त्वाच्या. नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर एसआरएफ (वरिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) म्हणून ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. पुण्यात एनसीएल आणि आयसर, मुंबईत आयसीटी आणि आयआयटी, शिवाय विद्यापीठांचे रसायनशास्त्र विभाग, असे पर्याय घराजवळच आहेत. आर्थिक निकडीमुळे लगेच नोकरी हवी असेल तर हैदराबाद, बंगळूर आणि पुण्याच्या परिसरातील करार-संशोधन कंपन्या एम.एस्सी. झालेल्यांना घेतात. तिथे दोन-तीन वर्षे रोज दोन-तीन अभिक्रिया लावून हात जितका तयार होतो तितका विद्यापीठात क्वचितच होतो, त्यामुळे या मार्गाला कमी लेखू नये. मात्र आपण बनवत असलेला रेणू कशासाठी आहे हे तिथे पुष्कळदा सांगितले जात नाही, आणि कुतूहल असलेल्या माणसाला ते बोचते.

मार्गदर्शक निवडताना शोधनिबंधांची संख्या पाहण्याआधी त्यांच्या प्रयोगशाळेत एक पूर्ण दिवस काढण्याची परवानगी मागावी. फ्रीजमधल्या बाटल्यांवर नाव, तारीख आणि वहीचा पान क्रमांक आहे का, विषारी वायू ओढून घेणाऱ्या फ्यूम हूड या कपाटाची काच खाली ओढलेली आहे का, जुने विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, एवढे पाहिले तरी पुरे. आपल्याला जैवसक्रिय, म्हणजे सजीवांवर परिणाम करणाऱ्या, संयुगांवर काम करायचे असेल तर त्या गटाचा जीवशास्त्राच्या एखाद्या प्रयोगशाळेशी चालू संबंध आहे का, हेही विचारावे. नाहीतर ‘या संयुगांना औषधी उपयोग असू शकतो’ असे एक वाक्य प्रस्तावनेत येते आणि विषय तिथेच संपतो.

हात तयार करण्याची सुरुवात टीएलसीपासून, म्हणजे सिलिकाचा थर असलेल्या प्लेटवर मिश्रणातले घटक वेगळे करून पाहण्यापासून, करावी. प्लेटवर प्रारंभद्रव्य, अभिक्रियेचे मिश्रण आणि मध्ये दोन्हींचा एकत्र ठिपका, असे तीन ठिपके प्रत्येक वेळी लावावेत. प्लेट २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात पाहून थांबू नये, कारण जे संयुग तो प्रकाश शोषत नाही ते तिथे दिसणारच नाही. पोटॅशियम परमँगनेट, ॲनिसाल्डिहाइड, अमाइनसाठी निनहायड्रिन अशी रंगद्रावणे हाताशी ठेवावीत आणि प्लेटचे चित्र वहीत लगेच काढावे. कॉलम टाकण्यापूर्वी, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून द्रावकाबरोबर मिश्रण सोडून घटक वेगळे करण्यापूर्वी, आपला ठिपका साधारण एक तृतीयांश उंचीवर येईल असे पेट्रोलियम ईथर आणि इथाइल ॲसिटेटचे प्रमाण शोधावे. नवखे विद्यार्थी हे टाळतात, मग अर्धा लिटर द्रावक वाया घालवून दोन ठिपके एकत्रच बाहेर काढतात. कॉलमला घाई चालत नाही, पण रेंगाळणेही चालत नाही, कारण काही संयुगे सिलिकावरच विघटित होतात. शंका असेल तर थोडा नमुना सिलिकाच्या प्लेटवर तासभर ठेवून पुन्हा तपासावा.

रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर चाचणीचा आलेख वाचताना आपल्याला हव्या असलेल्या शिखरांआधी नको असलेली शोधावीत, हा माझा आग्रह आहे. क्लोरोफॉर्ममध्ये ७.२६ चे शिखर द्रावकाचे, पण ४.१२, २.०५ आणि १.२६ अशी तीन शिखरे एकत्र दिसली तर नमुन्यात इथाइल ॲसिटेट राहिले आहे, आणि वजनकाट्यावर दिसलेले ९२ टक्के उत्पन्न (अपेक्षित पदार्थापैकी हाती आलेला भाग) खोटे आहे. नमुना पुन्हा निर्वात पंपावर लावावा आणि खरा आकडा लिहावा.

योजना आखताना साधा गुणाकार करून पाहावा. प्रत्येक पायरीला ८० टक्के उत्पन्न धरले, आणि ते बरेच चांगले समजले जाते, तरी एकामागून एक अशा १३ पायऱ्यांनंतर हाती साडेपाच टक्केच उरते. त्याऐवजी सहा-सहा पायऱ्यांचे दोन तुकडे वेगवेगळे बनवून तेराव्या पायरीत जोडले, तर सर्वांत लांब ओळ सात पायऱ्यांची होते आणि उत्पन्न २१ टक्क्यांवर जाते. म्हणून कागदावर रेणू उलटा तोडत जाताना तो मधोमध कुठे तुटतो ते आधी पाहावे. सर्वांत धोक्याची वाटणारी पायरी शक्य तितकी सुरुवातीला आणावी. ती अपयशी ठरायची असेल तर दुसऱ्या महिन्यात ठरलेली बरी, तिसऱ्या वर्षात नव्हे.

जीवशास्त्रज्ञांकडे नमुना देताना खरी कसोटी लागते. त्यांना सुरुवातीला काही मिलिग्रॅमच लागतात, पण शुद्धता एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर निदान ९५ टक्के असावी, हा औषधरसायनातला रूढ निकष आहे. पॅलेडियम किंवा जस्ताचे अंश, उरलेले आम्ल, एवढेच नव्हे तर शुद्धीकरणात आलेला क्षारही पेशींवर किंवा विकरावर परिणाम करू शकतो आणि संयुग सक्रिय असल्याचा भास होतो. माझ्या विद्यार्थिदशेत एका मालिकेतले एकच संयुग विलक्षण सक्रिय निघाले. त्याभोवती आणखी अकरा संयुगे बनवण्यात मी चार महिने घालवले, सगळी निष्क्रिय ठरली. अखेरीस मूळ संयुग नव्याने बनवून, पुनर्स्फटिकीकरण करून पाठवले, तर तेही निष्क्रिय. सक्रियता मागच्या पायरीतून राहिलेल्या अशुद्धीची होती. तेव्हापासून चांगला निकाल आला की त्याच संयुगाचा दुसरा घाणा वेगळा बनवून पाठवल्याशिवाय मी पुढचे संयुग काढत नाही. वाईट निकालाची मात्र कुणी अशी फेरतपासणी करत नाही, आणि त्यात काही चांगली संयुगे निसटत असणार.

नमुने बहुधा डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलर द्रावण करून ठेवतात. हा द्रावक हवेतली आर्द्रता ओढतो आणि सुमारे १८.५ अंशांना गोठतो, त्यामुळे थंडीत सकाळी बाटली घट्ट दिसली तर घाबरू नये, मात्र वितळल्यावर संयुग खाली बसलेले नाही ना ते पाहूनच मोजमाप करावे. संयुगाची रचना ठरवताना लिपिन्स्की यांनी १९९७ मध्ये मांडलेले निकष नजरेसमोर असावेत. त्यानुसार रेणूभार ५०० च्या आत, हायड्रोजन बंधासाठी हायड्रोजन देणारे गट पाचांहून आणि घेणारे दहांहून अधिक नसावेत, आणि मेदप्रियता मोजणारा लॉग पी पाचाच्या वर जाऊ नये. ते तोंडावाटे घ्यायच्या औषधांसाठीचे अनुभवसिद्ध ठोकताळे आहेत. निसर्गातून मिळालेली कित्येक उत्तम औषधे ते मोडतात, म्हणून त्यांची पूजा करू नये.

सुरक्षिततेबद्दल थोडेच, पण ठाम. डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टर्शरी ब्यूटिललिथियम या हवेत पेटणाऱ्या रसायनाने ते सिरिंजने घेताना पेट घेतला. तिथल्या तरुण संशोधन साहाय्यिकेच्या अंगावर लॅब कोट नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता, आणि भाजल्यामुळे तिचा मृत्यू झाला. हवेत पेटणारे अभिकर्मक पहिल्यांदा कधीही एकट्याने हाताळू नयेत. सोडियम ॲझाइड वापरलेल्या अभिक्रियेच्या वर्क-अपमध्ये, म्हणजे अभिक्रियेनंतर पदार्थ वेगळा काढताना, डायक्लोरोमिथेन घेऊ नये, त्यातून स्फोटक डायॲझिडोमिथेन तयार होऊ शकते, आणि ते मिश्रण आम्लयुक्त करू नये. ‘सीनियर असेच करतात’ हे कारण या बाबतीत ऐकून घेऊ नये.

वही प्रयोग चालू असतानाच, शाईने आणि तारखेसह लिहावी. रंग बदलला, वायू सुटला, ढवळणी रात्री थांबली होती, अशा फुटकळ वाटणाऱ्या नोंदीच सहा महिन्यांनी उत्पन्न का घसरले ते सांगतात. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या पानात त्या येत नाहीत.

पीएच.डी. संपत आली की पुढच्या जागेसाठी मुलाखती सुरू होतात. तिथे फळ्यावर आपला मार्ग काढायला सांगतात आणि पुष्कळदा पहिला प्रश्न फसलेल्या पायरीबद्दल असतो. ती का फसली, त्याऐवजी काय तयार झाले आणि ते कोणत्या पुराव्यावर ठरवले, या तीन गोष्टी फसलेल्या किमान दोन अभिक्रियांबद्दल सांगता येतील अशी तयारी करावी, आणि त्यासाठी फसलेल्या अभिक्रियांतले पदार्थही कॉलम टाकून वेगळे करून, त्यांचे एनएमआर काढून ठेवलेले असावेत.