एअर पिस्तूल नेमबाजीचं एक दिवसाचं शिबिर: या चुका टाळा

पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरनं पिस्तुलात दोन ब्राँझपदकं मिळवली, आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये एक मिळवलं. ‘आमच्या पोराला एकदा पिस्तूल धरून बघायचंय’ म्हणणारे पालक आता सोलापुरातही भेटतात. म्हणून एक दिवसाचं शिबिर ठरतं, वीस-पंचवीस मुलं येतात, लेन (एकेकानं उभं राहून नेम मारायच्या जागा) असतात चार-पाच. असं शिबिर घेणाऱ्यानं एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. नेम धरून उभा असलेला मुलगा सहसा धोक्याचा नसतो. त्याचं लक्ष समोर असतं, नळी टार्गेटकडे असते. धोका असतो तो मधल्या वेळात: पिस्तूल अडकलं, डिटेल (एका वेळी नेम मारणारी तुकडी) बदलली, फोटो काढायचाय, जेवणाचा डबा उघडायचाय.

‘सर, उडत नाही’ म्हणत मागे वळणं

सगळ्यात घातक चूक हीच, आणि नवख्यांकडून हमखास होते. ट्रिगर दाबला, आवाज झाला नाही, की मुलगा पिस्तूल हातात घेऊनच प्रशिक्षकाकडे वळतो. नळी शेजारच्या सगळ्या लेनवरून फिरते. आत पेलेट (एअर पिस्तुलाची छोटी गोळी) आहे की नाही हे त्याला माहीत नसतं, तुम्हालाही नसतं. त्या क्षणी त्याच्यावर ओरडू नका. दचकलेलं बोट ट्रिगरवरच आवळलं जातं. सवय पहिलं पेलेट हातात देण्याआधी लावायची. बोट ट्रिगरवरून बाहेर, पिस्तूल टार्गेटकडे तोंड करून टेबलावर, रिकामा हात वर, आणि जागेवर उभं राहायचं. प्रशिक्षक चालत येईल. रिकाम्या पिस्तुलावर प्रत्येकाकडून हे दोन-तीन वेळा करून घ्या. यात अर्धा तास गेला तरी तो वाया गेलेला नाही.

कारण बहुधा साधं निघतं. कॉकिंग लिव्हर पुरता मागे गेलेला नसतो, पिस्तूल ड्राय फायरवर (पेलेट न उडवता नुसता ट्रिगर दाबायच्या सरावावर) राहिलेलं असतं, नाहीतर पिस्तुलाच्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरमधली हवा संपत आलेली असते. हवा कमी असेल तर आवाज मवाळ येतो आणि पेलेट नळीतच अडकू शकतं. ‘बघू तरी’ म्हणून वर दुसरं पेलेट भरू नका.

टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनूच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. मग शिबिरातलं अनेक हातांतून फिरलेलं पिस्तूल अडणारच. एक जादा पिस्तूल तयार ठेवा, म्हणजे बिघडलेलं लेनवरच खोलायची घाई होणार नाही.

बावीसचं (.२२ बोअरचं, काडतुसाचं) पिस्तूल अशा दिवशी आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते परवान्याचं शस्त्र आहे. शिवाय न उडालेलं काडतूस उशिरा उडू शकतं, त्यामुळे नळी टार्गेटकडे धरून निदान ३० सेकंद थांबावं लागतं. पहिल्यांदाच आलेल्या मुलाकडून हा धीर अपेक्षित धरू नका.

डिटेल बदलताना

‘रिकामं आहे’ हे तोंडी सांगितलेलं चालत नाही. नळीतून आरपार गेलेला रंगीत सेफ्टी फ्लॅग डोळ्यांना दिसला, तरच पिस्तूल रिकामं. टार्गेट बदलायला कुणी पुढे गेलं असेल तर मागे राहिलेल्यांनी पिस्तुलाला हात लावायचा नाही, ग्रिप जुळवून बघायलासुद्धा नाही.

आपल्याकडे एकाच रांगेत मराठी, कानडी आणि तेलुगू घरांतली मुलं असतात, आणि आपण बोलता बोलता भाषा बदलतो. रेंजवर बदलू नका. लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड या चार आज्ञा एकाच माणसानं द्याव्यात. फक्त ‘स्टॉप’ कुणीही ओरडावं, अगदी मागे बसलेल्या आजोबांनीही, आणि ते ऐकून सगळ्यांनी थांबावं.

फोटोसाठी पिस्तूल कॅमेऱ्याकडे रोखायला लावणारे पालक असतात. त्यांना नम्रपणे पण ठाम शब्दांत नाही म्हणा.

नेम कुठे बिघडतो

नवखा मुलगा टार्गेटवरच्या काळ्या गोलाकडे बघतो आणि फोरसाइट (नळीच्या पुढच्या टोकावरची नेम धरायची खूण) धूसर होते. व्हायला हवं उलटं: फोरसाइट स्पष्ट, गोल धूसर. यामागचा हिशेब मुलांना जरूर सांगा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरलं आणि फोरसाइट मागच्या साइटच्या खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली, तरी १० मीटरवर छिद्र सुमारे ३० मिलिमीटर सरकतं. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, सगळ्या काळ्या गोलाचा ५९.५. म्हणजे दहाचा थेट सात होतो. याउलट साइट जुळलेल्या ठेवून सगळा हातच एक मिलिमीटर हलला, तर छिद्रही तेवढंच हलतं. हे पटलं की हात थरथरतो म्हणून रडवेला झालेला मुलगा शांत होतो. हात सगळ्यांचाच हलतो.

मग घाईची चूक. गोल मध्यभागी आला रे आला की ट्रिगर ओढायचा! उजव्या हाताच्या नेमबाजाची छिद्रं डावीकडे खाली पडत असतील तर आधी हा झटका तपासा. छिद्रं उभ्या रेषेत पसरली असतील तर श्वास आणि मनगट बघा. सगळीकडे विखुरली असतील तर नजर टार्गेटवर गेलेली आहे. छिद्रं एकाच जागी गोळा झालीत पण मध्यापासून दूर, फक्त तेव्हाच साइट फिरवायची. प्रत्येक शॉटनंतर स्क्रू फिरवणाऱ्याला आपली खरी चूक कधीच सापडत नाही.

आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्यायचा. हे शिकवायला बहुतेक जण विसरतात. जवळपास किलोभर वजन एका हातात ताणून धरलेल्या मुलाला ‘उडव, उडव’ म्हणणं म्हणजे त्याला वाईट सवय लावणं. पहिल्या दिवशी वीस-तीस शॉट पुरे. बाकी वेळ कोऱ्या पांढऱ्या कागदासमोर ड्राय फायर.

जेवण, ऊन आणि सिलिंडर

पेलेट शिशाचं असतं. ते दातात धरायचं नाही, आणि कडक भाकरी, शेंगाचटणी समोर येण्याआधी प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे. शहरात पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा नळावर विसंबू नका. आदल्या दिवशीच पाणी भरून ठेवा. फायरिंग लाइनवर खाणंपिणं नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत शिबिर घ्यायचं तर सकाळी सहाला सुरू करून दहाला संपवा. पत्र्याच्या शेडखाली दुपारी घामानं ग्रिप निसटते, लक्ष उडतं. भरलेला सिलिंडर उन्हात बंद गाडीत ठेवू नका; आत २०० बारपर्यंत दाब असतो. त्यावर उत्पादनाची तारीख कोरलेली असते, ती वाचा. दहा वर्षं उलटली असतील तर तो भरायचा नाही, दिसायला कितीही नवा असो.