रक्ताच्या नळीपासून सुरुवात: लसींच्या प्रतिसादावर संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी

‘मला लसींवर काम करायचे आहे’ असे सांगत येणाऱ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला मी आधी विचारते, की लसीवर म्हणजे नेमके कशावर? या एका शब्दाखाली निदान चार वेगळी कामे येतात. कोणी प्रतिजन (जंतूचा जो भाग शरीराने ओळखावा तो) निवडून लस घडवतो, कोणी कारखान्यात तिचा प्रत्येक लॉट तपासतो, कोणी माणसांवरील चाचण्या चालवतो, आणि कोणी लस टोचल्यानंतर शरीराने तिला काय उत्तर दिले हे मोजतो. चौथे काम इम्युनॉलॉजिस्टचे, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासकाचे आहे आणि हे मार्गदर्शन प्रामुख्याने त्याच्यासाठी आहे. या कामात मोजण्याचे तंत्र वर्षभरात हाती येते, पण मोजलेला आकडा संरक्षणाबद्दल काय सांगतो आणि काय सांगत नाही हे कळायला बराच काळ जातो. म्हणून तयारीची सुरुवात तिथूनच करावी, असे माझे मत आहे.

एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लसीचे दोन डोस तीन डोसांइतकेच उपयोगी पडतात का, हे पाहण्यासाठी २००९ मध्ये भारतात एक मोठा अभ्यास सुरू झाला. १० ते १८ वर्षे वयाच्या मुली त्यात होत्या आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे त्याच्या केंद्रांपैकी एक होते. एप्रिल २०१० मध्ये, दुसऱ्याच एका प्रकल्पावरून उठलेल्या वादामुळे, सरकारने एचपीव्ही लसीचे सर्व अभ्यास थांबवले. त्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला आणि त्यांचे पुढचे डोस राहून गेले. संशोधकांनी या मुलींना वगळले नाही, तर त्यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे चालू ठेवला. एका डोसानंतर प्रतिपिंडांची (जंतूंना रोखणाऱ्या रक्तातील प्रथिनांची) पातळी दोन किंवा तीन डोसांच्या तुलनेत स्पष्टपणे कमी होती, परंतु ती एका पायरीवर येऊन स्थिरावली आणि तिथेच टिकली. दहा वर्षांनंतर एचपीव्ही विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून मिळणारे संरक्षण एका डोसाच्या गटात ९५.४ टक्के आणि तीन डोसांच्या गटात ९३.३ टक्के आढळले, म्हणजे व्यवहारात सारखेच. एका डोसाला मान्यता देणारी जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ मधील शिफारस ज्या पुराव्यांवर उभी आहे, त्यांत या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. केवळ प्रतिपिंडांचा आलेख पाहणाऱ्याने एक डोस अपुरा ठरवला असता.

म्हणून पहिला अभ्यास घरी बसून करता येतो. कोणतीही परिचित लस घ्यावी आणि तिच्याबाबत तीन गोष्टी लिहून काढाव्यात: संरक्षणाची खूण म्हणून कोणता आकडा धरला जातो, तो कोणत्या पुराव्यावरून ठरला आणि तो कुठे फसतो. हिपॅटायटिस बी लसीसाठी एक मिलिलिटर रक्तद्रवात प्रतिपिंडांची १० मिलीआंतरराष्ट्रीय एकके ही सीमा मानतात. परंतु पूर्ण लसीकरण झालेल्या आणि एकदा ही सीमा ओलांडलेल्या माणसाची पातळी पुढे त्याखाली गेली, तरी तो बहुधा सुरक्षित राहतो. हा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत अनेक आठवडे जातात आणि तेवढ्या अवधीत स्मृतिपेशी (जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी) जाग्या होऊन नवे प्रतिपिंड तयार करू शकतात. मेंदूज्वराचा मेनिंगोकॉकस जिवाणू ही उसंत देत नाही, कारण तो काही दिवसांतच हल्ला करतो. ब्रिटनमध्ये तान्ह्या बाळांना दिलेल्या, या जिवाणूच्या सी गटाविरुद्धच्या लसीबाबत हाच अनुभव आला. स्मृती शिल्लक होती, पण रक्तातले प्रतिपिंड ओसरल्यावर संरक्षणही ओसरले. अशा पाच-सहा लसींचे टिपण ज्याच्या वहीत आहे, त्याला मुलाखतीत इतरांहून फारच कमी घाम फुटतो.

शिक्षणाचा मार्ग एकच नाही. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवरसायन, प्राणिशास्त्र यांपैकी कशातही बी.एस्सी. आणि एम.एस्सी. चालते. पशुवैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधरही या क्षेत्रात येतात आणि एमबीबीएसनंतर सूक्ष्मजीवशास्त्र किंवा बालरोग घेऊन संशोधनाकडे वळणाऱ्या डॉक्टरांची तर फार गरज आहे. पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही मुख्य परीक्षा. तिच्या जीवशास्त्राच्या पेपरमध्ये २०० पैकी १०० गुण तिसऱ्या भागाला आहेत आणि तो पाठांतरावर सुटत नाही. त्यात प्रयोगाची मांडणी देऊन निष्कर्ष विचारतात, त्यामुळे गाइडबुकांपेक्षा मूळ शोधनिबंधांतील आकृत्या झाकून त्यांचा अर्थ स्वतः लावण्याची सवय जास्त उपयोगी पडते. या परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, वर घरभाडे भत्ता. ही रक्कम घरच्यांना आधीच सांगून ठेवावी, कारण आयटीत गेलेल्या चुलतभावाशी तुलना होणारच आहे.

आता प्रत्यक्ष हाताच्या कामाकडे. या क्षेत्रात सर्वांत आधी शिकायचे ते रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या करणे. गोठू न देणाऱ्या नळीत घेतलेले रक्त क्षारद्रावणाने पातळ करायचे आणि फायकॉल नावाच्या जड द्रवावर, नळी तिरकी धरून, इतक्या सावकाश सोडायचे की दोन थर मिसळता कामा नयेत. मग खोलीच्या तापमानाला ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) बलाने अर्धा तास सेंट्रिफ्यूज करायचे, म्हणजे यंत्रात गरगर फिरवायचे. नळी बाहेर काढल्यावर तळाशी लाल पेशी, वर पिवळसर रक्तद्रव आणि मधोमध धुरकट पांढरी कडी दिसते. ती कडी म्हणजे आपल्या टी पेशी, बी पेशी आणि मोनोसाइट. एक मिलिलिटर रक्तातून अशा सुमारे दहा लाख पेशी मिळतात, आणि बाळाच्या दोन मिलिलिटर रक्तात सगळे प्रयोग बसवायचे असतात, हे लक्षात घेतले की प्रत्येक थेंबाची किंमत कळते.

हे काम मी शिकत होते त्या काळात एका संध्याकाळी मी सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद करायला विसरले. यंत्र झटक्यात थांबले, थर ढवळले गेले आणि लसीनंतरच्या सातव्या दिवसाचे आठ नमुने गढूळ गुलाबी पाणी होऊन समोर आले. लसीनंतर रक्तात उतरणाऱ्या, प्रतिपिंड स्रवणाऱ्या पेशी साधारण सातव्या दिवशी शिखरावर असतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दिसेनाशा होतात. म्हणजे तो दिवस पुन्हा येणार नव्हता. तेव्हापासून यंत्राच्या झाकणावर ‘ब्रेक?’ अशी चिठ्ठी चिकटवण्याची सवय मला लागली. लॅबमध्ये येणाऱ्या नव्या मुलांना ती बालिश वाटते. वाटू द्यावी.

पेशी गोठवतानाही घाई चालत नाही. दहा टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारे रसायन) घातलेल्या द्रवात त्या मिनिटाला सुमारे एक अंश या गतीने थंड करून उणे ८० अंशांवर न्यायच्या आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायच्या. वितळवताना मात्र उलट, काम झटपट उरकावे लागते. महिन्यांनी बाहेर काढलेल्या पेशी किती जिवंत आहेत, यावर पुढच्या एलिस्पॉटचा आणि फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे पेशींची कामगिरी आणि प्रकार मोजणाऱ्या चाचण्यांचा, अर्थ अवलंबून असतो. म्हणून जिवंत पेशींचा टक्का प्रत्येक नळीसाठी वहीत नोंदवावा, सरासरी काढून नव्हे.

एलायझा ही प्रतिपिंड मोजण्याची चाचणी सर्वांना येते असे सर्वांना वाटते. एकाच माणसाचा नमुना ९६ खळ्यांच्या प्लेटच्या कडेला आणि मध्यभागी लावून पाहावा. कडेच्या खळ्यांतले द्रव आधी आटते आणि रीडिंग वेगळे येते, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुन्हा निष्काळजी राहत नाही. प्रत्येक प्लेटवर प्रमाणित सीरम (प्रतिपिंडांची पातळी आधीच ठाऊक असलेला रक्तद्रव) लावावे आणि निष्कर्ष शक्य असेल तिथे आंतरराष्ट्रीय एककांत द्यावा, नाहीतर पुण्याचा आकडा वेल्लोरच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. शिवाय प्रतिपिंड विषाणूला नुसता चिकटतो की निष्प्रभ करतो, हे एलायझा सांगत नाही. त्यासाठी न्यूट्रलायझेशनची चाचणी लागते. जोडीला आर किंवा पायथॉन यांपैकी एक भाषा शिकावी. प्रतिपिंडांचे आकडे लॉगरिदममध्ये का मांडतात आणि साध्या सरासरीऐवजी भूमितीय सरासरी का घेतात, हे समजण्याइतके संख्याशास्त्र पहिल्याच वर्षी पक्के करावे.

गाइड निवडताना बहुतेक विद्यार्थी शोधनिबंधांची यादी पाहतात. माझ्या मते दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत: या लॅबकडे माणसांचे नमुने कुठून येतात आणि ते किती वर्षे येत राहतील? नमुन्यांचा ओघ नसेल, तर उत्तम यंत्रेसुद्धा झाकून ठेवावी लागतात. पुण्यात विषाणूंसाठी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, पेशींच्या कामासाठी विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि मूलभूत प्रश्नांसाठी आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे. गावपातळीवरील चाचण्यांसाठी केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे वढू येथील काम पाहावे. रोटाव्हायरसच्या अतिसाराविरुद्धच्या रोटाव्हॅक या देशी लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी दिल्ली आणि वेल्लोरबरोबर तिथेही झाली. मुंबईत परळची हाफकिन संस्था आहे, जिची मुळे १८९९ च्या प्लेग प्रयोगशाळेत आहेत. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. आजची नैतिकता समिती त्यांना तशी परवानगी देताना शंभर प्रश्न विचारेल, आणि तेच योग्य आहे.

समितीचा विषय निघालाच आहे तर संमतिपत्राबद्दल सांगते. मराठी संमतिपत्र बहुधा इंग्रजीवरून उतरवलेले असते आणि ‘यादृच्छिकीकरण’ असला शब्द वाचून आई मान डोलावते, तिला कळलेले मात्र काहीच नसते. ‘तुमच्या बाळाला कोणती लस मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल, ते तुम्हीही ठरवणार नाही, आम्हीही नाही’ असे लिहिले तर ती पुढचा प्रश्न विचारते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने निदान एक महिना परिचारिकेबरोबर क्षेत्रावर जावे आणि हे बोलणे स्वतः ऐकावे.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांसाठी प्रश्न निवडायचा तर तो इथल्याच मातीतला घ्यावा. तोंडावाटे दिलेल्या लसी आपल्याकडे कमी का चालतात? रोटाव्हॅकने पहिल्या वर्षी रोटाव्हायरसच्या तीव्र अतिसारापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण दिले. श्रीमंत देशांत याच रोगाच्या इतर लसी ८५ टक्क्यांच्या पुढे जातात, तर गरीब देशांत त्याही खाली येतात. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये पोलिओच्या थेंबांचाही असाच अनुभव आला. आईकडून आलेले प्रतिपिंड, आतड्यांतले इतर संसर्ग, कुपोषण, या प्रत्येकावर बोट ठेवता येते, पण कोणाचा वाटा किती, हे अजून नीट सुटलेले नाही. बीसीजी या क्षयाच्या लसीचे कोडेही तसेच आहे. १९६८ मध्ये तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथे सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत फुफ्फुसाच्या क्षयापासून प्रौढांना संरक्षण दिसलेच नाही.

पीएच.डी.नंतर पोस्टडॉकसाठी परदेशी जावे का, याचे उत्तर मी ‘तंत्रासाठी जा, प्रश्न इथला घेऊन जा’ असे देते. उद्योगात जायचे असेल तर पुणे आणि हैदराबाद ही दोन शहरे पुरेशी आहेत, मात्र तिथे कुतूहलापेक्षा नोंदींची शिस्त आधी तपासली जाते. पद्धत प्रमाणित कशी करायची, विचलन कसे नोंदवायचे, २०१९ चे नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांचे नियम काय म्हणतात, हे आधी वाचून जावे.

गाइडला पहिले पत्र लिहाल तेव्हा ते एका पानाचे असावे. ‘मला इम्युनॉलॉजीची लहानपणापासून आवड आहे’ हे वाक्य गाळावे. त्यांच्या अलीकडच्या एका शोधनिबंधातील एक आकृती निवडावी, तिच्यातून न सुटलेला एक प्रश्न चार ओळींत मांडावा आणि तो सोडवायला कोणत्या दिवसाचे, किती मिलिलिटर रक्त लागेल हे लिहावे. उत्तर आले नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, आणि मग पुढच्या लॅबला लिहायला घ्यावे.