डोकं शिणलंय? संध्याकाळी घरातच आराम कसा मिळवावा

दिवसभर खुर्चीत बसून काम, अंग कुठं दुखत नाही, तरीही संध्याकाळी ‘भाजी कसली करू?’ एवढं कुणी विचारलं की चिडचिड होते. हा शीण डोक्याचा. अशा वेळी ‘जा, रंकाळ्यावर एक चक्कर मारून ये’ हा सल्ला कोल्हापुरात कुणीही देतो. सल्ला चांगलाच आहे. पण संध्याकाळच्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधायची म्हणजे राहिलेलं डोकंही जातं. जे काही करायचं ते घरात, हाताशी असलेल्या वस्तूंनी आणि फारसं काही न ठरवता जमलं पाहिजे.

१. आल्या आल्या सांगून टाका. ‘अर्धा तास मला काही विचारू नका,’ एवढंच. तोंड फुगवून बसण्यापेक्षा हे बरं. अडचण बायकांची जास्त. कामावरून आलेली बाई चपला काढते आणि थेट गॅसपाशी उभी राहते. तिचा अर्धा तास घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कुकर लावल्याशिवाय निघत नाही, आणि हे शांतपणे रविवारीच ठरवून ठेवावं.

२. ट्यूबलाइट बंद करा. एक पिवळा, मंद दिवा पुरतो. रात्रीच्या प्रखर पांढऱ्या उजेडात शरीराला अजून दिवस असल्यासारखं वाटतं आणि झोप आणणारं मेलाटोनिन कमी तयार होतं. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून या.

३. पाय गरम पाण्यात सोडा. सगळ्यात जास्त गुण याचाच येतो, म्हणून नीट करा. झोपायच्या तासभर आधी रुंद बादलीत किंवा घमेल्यात घोटे बुडतील एवढं पाणी घ्या, साधारण ४० अंश गरम. थर्मामीटर कशाला, कोपर बुडवून बघा. चटका न बसता सुखद ऊब लागली की झालं. १० ते १५ मिनिटं पाय सोडून बसा. मीठ घालायची सवय असेल तर घाला, पण काम करते ती ऊब. पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते आणि शरीराचं आतलं तापमान किंचित उतरतं. झोप लागायला हे उतरणंच मदत करतं. जुलैत, आठवडाभर ऊन नाही आणि घरभर दोऱ्यांवर ओले कपडे लोंबताहेत अशा दिवसांत तर याच्यासारखं सुख नाही. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाणी दुसऱ्याकडून तपासून घ्या, कोमटच ठेवा आणि पायाला जखम असेल तर हा प्रकार करूच नका.

४. काशाची वाटी. पाय कोरडे करून तळव्याला थोडं तूप लावा आणि वाटीच्या बुडानं गोल गोल घासा, एका पायाला पाचेक मिनिटं. हळूहळू तळवा काळपट होतो. ‘बघ, अंगातली उष्णता निघाली,’ असं आजी सांगते. खरं तर काशातलं तांबं आणि तूप एकमेकांवर घासून तो रंग येतो. आजीशी वाद घालू नका, वाटी तिच्याच हातात द्या. दुसऱ्यानं घासून दिलं की निम्मा शीण तिथंच उतरतो. नंतर तळवे बेसनानं पुसून घ्या, नाहीतर फरशीवरून घसराल.

५. जेवण हलकं ठेवा. मुगाची खिचडी, मेतकूट-भात, किंवा घरात मटण शिजलंच असेल तर वाटीभर अळणी. मसाला पडायच्या आधीचं ते हळद-मिठाचं पाणी गरम गरम प्यायलं की जीव थाऱ्यावर येतो. तांबड्या रश्श्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, फक्त रात्री दहाला भुरके मारून लगेच आडवं झालात तर घशाशी येणारच. चहा मात्र दुपारीच संपवा. सहाला घेतलेल्या चहातलं जवळजवळ निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असू शकतं.

६. वाकळ काढा. दुलईपेक्षा जुन्या लुगड्यांची जड वाकळ बरी. अंगावर तिचं वजन पडलं की कुणीतरी जवळ असल्यागत वाटतं. पावसाळ्यात ती दमट लागते, तेव्हा आधी वरून गरम इस्त्री फिरवून घ्या. पडल्यावर श्वास सावकाश आत घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. मोजत बसू नका.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आडवं व्हायचं असेल तर वीस मिनिटांचा गजर लावा. तासभर झोपून उठलं की डोकं आणखी जड होतं.

एवढं करूनही दोन आठवडे मन लागत नाही, झोप उडालीय, रडू येतंय, तर पाय शेकून भागणार नाही. डॉक्टरांना भेटा, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी १२ यांच्या तक्रारींतही असाच थकवा येतो, त्यामुळे रक्त तपासायला सांगू शकतात. जगणंच नको वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. स्वतः फोन लावायचं बळ नसेल तर घरातल्या कुणाला तरी लावून द्यायला सांगा.