वेळापत्रकात स्वतःची तासिका लिहा

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीवरच्या शाळेत रुजू होणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी हे लिहितो आहे. तुमच्यापैकी अनेकांना द्विशिक्षकी शाळा मिळेल. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. हायस्कूलात विषयशिक्षकाला ऑफ तास तरी मिळतो. इथे तुम्ही उठलात की दोन वर्ग उघडे पडतात.

मधल्या सुट्टीवर विसंबू नका. पोषण आहाराची चव घ्यायची, वाढप बघायचं, नोंद करायची, पावसाळ्यात ओल्या पडवीत कुणी घसरत नाही ना याकडे लक्ष ठेवायचं. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर ‘माहिती तातडीने भरा’ येतं आणि डबा तसाच राहतो. हा सगळा वेळ कामाचा आहे. त्याला शिक्षकाची विश्रांती म्हणणं मला अजिबात पटत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत, तेही तयारीचे तास धरून. म्हणजे तयारी हे काम आहे, हे कायद्याला मान्य आहे. पण त्यातले किती तास तयारीचे, हे तिथे लिहिलेलं नाही. मग टाचण, म्हणजे उद्याच्या पाठांची लेखी तयारी, रात्री घरी बसून होतं. कलम २७ अशैक्षणिक कामांना मनाई करतं, मात्र जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक त्यातून वगळलेली आहेत.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २००५ पासून शिकवण्याच्या वेळेच्या किमान १० टक्के वेळ नियोजन, तयारी आणि मूल्यमापनासाठी राखून ठेवावा लागतो. असं कलम आपल्याकडेही हवं. पण त्या वेळात वर्ग कोण सांभाळणार? केंद्रामागे, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटामागे, एखादा फिरता शिक्षक दिल्याशिवाय कोकणातल्या छोट्या शाळांना त्या हमीचा उपयोग नाही.

तोवर सहकाऱ्याशी बोलून घ्या. पाढे, गाणी, अवांतर वाचन यासाठी चारही वर्ग एकत्र बसवता येतात. एकाने ते घ्यायचे, दुसऱ्याने तयारी करायची, पुढच्या वेळी उलट. ही तासिका मुख्याध्यापकांच्या सहीने वेळापत्रकात लिहा आणि केंद्रप्रमुख आले तरी लपवू नका. तिच्यात ऑनलाइन माहिती मात्र भरू नका. एकदा ते सुरू झालं की तासिका गेलीच. त्या वेळात स्वयंअध्ययनाची कार्डं करा. बंदरावरच्या मासळीचा एकच हिशेब घ्या: तिसरीला टोपल्यांच्या वजनाची बेरीज, चौथीला किलोच्या भावावरून किंमत. चौथी कार्डात गुंतली की तिसरीला नीट वेळ देता येतो.

आणि शाळेनंतर तयारीला किती वेळ गेला, याची रोज वहीत नोंद ठेवा. संघटनेच्या सभांत बदल्या आणि वेतन यांतच वेळ संपतो. पुढच्या सभेला त्या वह्या घेऊन जा आणि तयारीच्या तासांचा कायदा विषयपत्रिकेवर घ्यायला लावा.