कव्हरवरचं रिंगण वाढायचं थांबलं

अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंगने चितारलेलं ‘डक रॉक’ या गाण्यांच्या तबकडीचं १९८३ सालचं कव्हर माझ्या संग्रहातलं सगळ्यात लाडकं. भिंती आणि भुयारी रेल्वेची स्थानकं रंगवणाऱ्या माणसाची रेघ हातात धरून बघायला मिळते, म्हणून मी अशी कव्हरं जमवते. गेल्या वर्षी त्यावर तबकडीएवढं पांढुरकं रिंगण दिसलं आणि पोटात गोळाच आला.

चूक माझीच होती. कव्हरं आडवी, एकावर एक रचलेली. वजनाने आतल्या तबकडीची कड पुठ्ठ्यावर दाबली जाऊन छपाईची शाई झिजत होती. त्यात बाहेरची पिशवी पीव्हीसीची. त्यातलं मऊपणा आणणारं रसायन कालांतराने बाहेर येतं, पिशवी चिकटते, चित्र धुरकटतं.

पीव्हीसी लगेच काढून टाकलं, पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या आणल्या. तबकडी साध्या आतल्या पाकिटात घालून कव्हरच्या बाहेर, मागच्या बाजूला ठेवली. चित्रावरचा दाबच गेला! आता सगळी कव्हरं उभी असतात, फार न दाटता, उन्हापासून दूर.

झिजलेली शाई परत आली नाही. रंग भरून दुरुस्ती करायचा मोह झाला होता, पण हॅरिंगच्या रेघेवर माझा ब्रश नकोच. रिंगण मात्र वर्षभरात तसूभरही वाढलेलं नाही.