भाज्या आंबवायला विरजण कुठलं घ्यावं?

कच्ची भाजी असेल तर कुठलंच नको. दूध आपण तापवतो, त्यातले जिवाणू मरतात, म्हणून दह्याला विरजण लागतं. मंडईतून आणलेल्या कोबीच्या पानांवर, मुळ्याच्या सालीवर मात्र हवे ते जिवाणू आधीच असतात. त्यांना फक्त मीठ द्यायचं आणि हवा तोडायची. मीठ भाजीच्या वजनाच्या 2 ते 2.5 टक्के, म्हणजे किलोभर कोबीला 20 ते 25 ग्रॅम. ते काट्यावरच तोला. खडेमीठ आणि बारीक मीठ चमच्यात सारखं भरत नाही.

मिठात प्रथम ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू जोर धरतात. बुडबुडे येतात ते त्यांचे. आंबटपणा वाढला की ते मागे पडतात आणि प्लान्टारम जातीचे लॅक्टोबॅसिलस पुढचं काम उरकतात. चव या क्रमातून येते. म्हणूनच जुन्या बरणीतलं पाणी नव्या बरणीत ओतायला मी सहसा नको म्हणते. त्यात शेवटच्या टप्प्यातले जिवाणू जास्त असतात, कोबी भराभर आंबट होतो, पण चव एकसुरी लागते. गाजराची कांजी घाईत हवी असेल तर चमचाभर घाला, हरकत नाही.

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात वहिनींनी परवा विचारलं, चक्का टांगल्यावर गळलेलं पाणी घालू का? वहिनी, नका घालू. दह्याच्या जिवाणूंना दुधातल्या साखरेची सवय, शिवाय भाजीला दुधाचा वास येतो. औषधाच्या दुकानातल्या प्रोबायोटिक कॅप्सूलही फोडून घालू नका. त्यांत बऱ्याचदा बॅसिलस क्लॉसी असतो, नाहीतर सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट. भाजी आंबवणं हे दोघांचंही काम नव्हे.

विरजणाची विकतची पावडर खरी उपयोगी पडते ती उकडलेल्या बिटाला किंवा वाफवलेल्या फ्लॉवरला, कारण तिथे मूळचे जिवाणू उष्णतेने गेलेले असतात. दर वेळी तीच चव हवी असेल तरीही घ्यावी. घेताना पाकिटावर जिवाणूंची नावं शोधा. प्लान्टारम किंवा ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइडीस दिसलं पाहिजे. पाषाणच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे एकेक वाण क्रमांक देऊन जपतात. पाकिटवाल्यांकडून तेवढी अपेक्षा नाही, पण नुसतं ‘कल्चर’ लिहिलेलं मी घेत नाही. दह्याचं, चीजचं किंवा केफिरचं (हे आंबवलेल्या दुधाचं पेय) असेल तर तेही घेऊ नका. पावडर फ्रीजमध्ये ठेवा, मात्रा पाकिटावर असेल तेवढीच. उन्हाळ्यात कुरियरने मागवू नका, गाडीतल्या उष्णतेत तिची ताकद जाते. आणि पावडर घातली म्हणून मीठ कमी करू नका. मीठ भाजी करकरीत ठेवतं आणि नको ते जिवाणू दूर ठेवतं.

पुण्यात याला खरा मोसम थंडीचा. बाजारात लाल गाजरं आली की सुरुवात करा. 20 अंशांच्या आसपास भाजी सावकाश आंबते आणि चव भरते. एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर पस्तिशीला गेलं की कुठलंही विरजण मदतीला येत नाही, भाजी मऊच पडते. तेव्हा मीठ 3 टक्क्यांपर्यंत न्या, बरणी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवसापासून चव बघून लगेच फ्रीजमध्ये टाका. मिठाचं पाणी करायचं असेल तर नळाचं पाणी उकळून गार करून घ्या, म्हणजे क्लोरीन निघून जाईल.

भाजी पूर्ण बुडलेली हवी, वर छोटी वाटी ठेवून दाबा. पांढरा पातळ पापुद्रा आला तर तो यीस्टचा, काढून टाका. केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर सगळी बरणी ओतून द्या, वरचं काढून खाली चांगलं असेल या आशेवर राहू नका. उकडलेल्या भाजीच्या बाबतीत आंबटपणा मोजणारी पीएच पट्टी जरूर वापरा; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. 4.6 च्या खाली आलंच पाहिजे, मी 4 पर्यंत थांबते.