पहिल्या पावसात कुरण बंद ठेवा

पाऊस पडून आठवडाही होत नाही तोच उजाड कुरणावर हिरवी लव दिसू लागते आणि गुरे तिकडे वळवली जातात. कुरणाचे सर्वांत जास्त नुकसान याच दिवसांत होते. बहुवार्षिक गवताचा नवा फुटवा मुळांत साठवलेल्या अन्नावर येतो. तो पुन्हा पुन्हा खुडला गेला की मुळे खुरटतात, ठोंब मरतात आणि मारवेल, पवना या चाऱ्याच्या गवतांच्या जागी कुसळी, गाजरगवत माजते. ओली जमीन खुरांखाली दबून घट्ट होते ती वेगळीच.

कुरणाचे किमान चार भाग पाडा. एक भाग गवताचे बी गळेपर्यंत पूर्ण बंद ठेवा, पुढच्या वर्षी दुसरा. बाकीच्या भागांतही गवत वीतभर वाढल्याशिवाय चराई नको, आणि निम्मे गवत शिल्लक असतानाच कळप पुढे न्या. तोवरच्या वैरणीची सोय आधी हवी, नाहीतर चराईबंदी चार दिवसही टिकत नाही.

बियाणे घेण्याआधी रान पायी फिरून पाहा. पावला-दोन पावलांवर जुने ठोंब जिवंत असतील तर पेरणीवर खर्च करू नका, आणि नांगर तर मुळीच घालू नका. पेरणी फक्त उघड्या, टणक चट्ट्यांत. तिथे माती ओरखडून अंजन गवताचे बी हेक्टरी ४ ते ५ किलो, ओलसर मातीत कालवून टाका; १ सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. ताजे बी नीट उगवत नाही, मागच्या हंगामातले घ्या. मारवेल ठोंब लावूनच करावा. वर काटेरी फांद्या पसरा: जनावरांचे तोंड अडते, वाहून येणारी माती आणि बीही अडकते.

वेडी बाभूळ शेंगा धरण्याआधी मुळाच्या गड्ड्यासकट काढा. गुरांनी शेंगा खाल्ल्या की शेणातून बी रानभर पसरते, आणि नुसती तोडलेली बाभूळ जोमाने फुटते. तिच्या जागी दाट झाडे लावायचा उत्साह मात्र आवरा. चंडोल, धाविक अशा पक्ष्यांना मोकळा माळच लागतो.

माळावरचे बरेच पक्षी जमिनीवर घरटी करतात. म्हणून गवत बी गळाल्यावरच कापा, मधून कडेकडे कापत या आणि काही पट्टे उभे राहू द्या. कुंपण घालायचेच असेल तर सर्वांत खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून दीड फूट वर ठेवा, म्हणजे हरणांना खालून निघता येते.